दुसरा शनिवार : आमच्या वाचनगटाच्या वर्षभराच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

आजपासून वही सुरू. आमचा गट दर महिन्याला भेटतोच, पण आजवर प्रत्येकीने आपल्या आवडीचं पुस्तक आणायचं आणि त्याबद्दल सांगायचं अशी पद्धत होती. ऐकायला बरं वाटायचं, पण एकीने वाचलेलं बाकीच्यांनी वाचलेलं नसायचं. मग चर्चा ती काय होणार? यंदा एकच धागा धरायचा ठरलं. मराठी बायकांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलेली पुस्तकं, जुन्यापासून नव्याकडे, सगळ्यांनी तीच वाचायची.

यादी अशी: रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०), लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४), गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०), हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ (१९७०), बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३). सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ यादीत हवंच असा ठाण्याच्या मैत्रिणीचा आग्रह होता, पण ते बहुतेकींचं वाचून झालंय.

वहीत कुणाचं नाव घालायचं नाही, गावावरून ओळख पुरे. गिरगावच्या काकू सगळ्यांत मोठ्या, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या; त्यांना आम्ही अहो-जाहो करतो. बाकी सगळ्या अगं-तुगं: नायगाव, पार्ले, गोरेगाव, घाटकोपर, मुलुंड, ठाणे आणि मी लालबागची.

दुसराच शनिवार का, तेही लिहून ठेवते, कारण दर वर्षी कुणीतरी रविवार सुचवतंच. घाटकोपरची बँकेत आहे, तिला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि मुलुंड-ठाण्याच्या दोघींचा अर्धा दिवस गाडीची वाट बघण्यात जातो. जागा शक्यतो दादरच्या आसपास, म्हणजे वेस्टर्नवाल्या आणि सेंट्रलवाल्या दोघींना सोयीची.

खाण्याचा नियम: एकच पदार्थ, विकतचा चालेल. जिच्या घरी बैठक ती आदल्या रात्रीपासून ओट्यापाशी उभी राहते आणि पुस्तकाची शेवटची पानं तिचीच वाचायची राहतात. हे मला मुळीच पटत नाही.

बोलण्याचा नियम काकूंनी घातला. आधी पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायचा, मग त्यावर बोलायचं. आवृत्त्या वेगवेगळ्या, त्यामुळे पान क्रमांक जुळणार नाहीत. प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले दोन-तीन शब्द सांगायचे.

माझ्याकडून एक भर. वहीच्या शेवटच्या पानांवर ‘लेखणी’ नावाचा रकाना आखलाय. प्रत्येक पुस्तकाबद्दल त्यात लिहायचं की हिला अक्षर कुणी शिकवलं, कुणी अडवलं, ती लिहायला कधी आणि कुठे बसली, छापलं कुणी. बाई काय लिहिते याइतकंच ती लिहू कशी शकली हे मला महत्त्वाचं वाटतं, आणि वर्षभर मी त्याचाच पाठपुरावा करणार आहे.

२७ जानेवारी

आठ जणींना आठ प्रती मिळवायच्या म्हणजे निम्मं काम हेच. पुस्तक-भिशी सुरू केली: दर महिना प्रत्येकी दोनशे रुपये. जमतील तेवढ्या प्रती विकत घ्यायच्या, बाकीच्या वाचनालयातून. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं आणि पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाचंही चांगलं ग्रंथालय आहे. दोन्हीकडे आमच्यापैकी कुणी ना कुणी सभासद आहेच. दोघींत एक प्रत असेल तर पंधरा-पंधरा दिवस. देवाणघेवाण दादरच्या पुलावर, ऑफिसहून परतताना.

गोरेगावने सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ शोधून ग्रुपवर टाकायची तयारी दाखवली. मी स्पष्ट नाही म्हटलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. रमाबाई १९२४ मध्ये गेल्या, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये. त्यांच्या जुन्या आवृत्त्या स्कॅन करून वाचल्या तर हरकत नाही. पण ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ विकतच घ्यायची. ज्या बायकांना लिहायला इतकं सोसावं लागलं त्यांचं पुस्तक आपण फुकट उतरवून घ्यायचं हे शोभत नाही. गोरेगावला पटलं. जुन्या दोन पुस्तकांचे स्कॅन शोधायचं काम तिनेच घेतलं.

१० फेब्रुवारी, पार्ले

‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. रथसप्तमी अजून व्हायची आहे, त्यामुळे हळदीकुंकूही उरकलं. वाण म्हणून पार्ल्याने प्रत्येकीला पेन्सिल आणि खोडरबर दिलं, समासात खुणा करायला. फार आवडलं.

१८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या, न्यायमूर्ती रानडे एकतीसचे. रात्री नवरा शिकवायचा आणि दिवसा घरातल्या बायका त्यावरून टोमणे मारायच्या. मुलुंडने हे उतारे एकापाठोपाठ एक वाचले आणि विचारलं, ‘ही कुणाच्या बाजूने आहे गं?’ कारण त्या बायकांबद्दल रमाबाई कुठेही कडवट होत नाहीत. काकूंचं म्हणणं, त्याच घरात राहायचं होतं तिला, आणि लिहिताना ती विधवा होती. राग दाखवण्याची मुभाच नव्हती. घाटकोपरला ते मान्य नाही. तिच्या मते रमाबाईंना त्या बायकांची अडचण कळत होती: नव्या शिक्षणाचं दान एकीच्याच पदरात पडलं आणि बाकीच्यांच्या वाट्याला तेच स्वयंपाकघर. मला घाटकोपरचं जास्त पटलं.

पुस्तक रानड्यांच्या मृत्यूपाशी, १९०१ मध्ये संपतं. सेवासदन ही बायकांसाठीची संस्था, ती त्यानंतर, १९०८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि रमाबाई तिच्या अध्यक्षा. म्हणजे ज्या वर्षांत त्या स्वतःच्या पायांवर सार्वजनिक काम करत होत्या ती वर्षं पुस्तकात नाहीतच. नायगाव म्हणाली, ‘पुढचं मला वाचायचं होतं.’ आम्हालाही.

लेखणी: शिकवलं नवऱ्याने, रात्री. अडवलं घरातल्या बायकांनी. लिहिलं तो गेल्यावर.

९ मार्च, गिरगाव

‘स्मृतिचित्रे’, पूर्वार्ध. काल महिला दिन झाला, त्यानिमित्त घाटकोपरच्या बँकेत गुलाबाची फुलं वाटली, ती सगळी फुलं घेऊन आली.

काकूंना मोतीबिंदूमुळे बारीक टाइप वाचवत नाही. म्हणून महिनाभर आम्ही आळीपाळीने एकेक प्रकरण वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पाठवत होतो. काकूंसाठी सुरू केलं, पण फायदा आम्हालाच झाला. लक्ष्मीबाईंचं वाक्य बोलल्यासारखं आहे. डोळ्यांनी भराभर वाचताना त्यातला खट्याळपणा निसटतो, तोंडाने वाचलं की बरोबर जागेवर हसू येतं. ठाण्याने मुलुंड ते दादर प्रवासात वाचलेलं एक प्रकरण आहे, मागे ‘पुढील स्टेशन’ ऐकू येतं, आणि मध्येच शेजारची बाई विचारते, ‘कुठलं पुस्तक हो?’ ती बाई आता ठाण्याच्या प्रतीसाठी रांगेत आहे.

काकू वाचकांचे उच्चारही सुधारतात. मला ‘च’ आणि ‘ज’ वरून दोनदा बोलणी बसली.

आजच्या बैठकीत बराच वेळ गेला तो वडिलांच्या सोवळ्यावर. बाजारातून येणारा जिन्नस धुऊन घ्यायचा, साऱ्या घराने त्या एका माणसाच्या सोवळ्याभोवती फिरायचं. लक्ष्मीबाई ते इतकं मजेत सांगतात की आम्ही खळखळून हसलो. नायगाव हसली नाही. तेव्हा कुणी विचारलं नाही, पण मी नोंद करून ठेवतेय.

मग गाडी घसरली. प्रत्येकीला आपापल्या आजीचं, सासूचं सोवळं आठवलं आणि पुस्तक मिटून मांडीवर. पाऊण तास गेला असेल. शेवटी काकूच म्हणाल्या, ‘बायांनो, लक्ष्मीबाई दारात उभ्या आहेत, त्यांना आत घ्या.’ तेव्हा पुन्हा पुस्तक उघडलं.

१३ एप्रिल, ठाणे

‘स्मृतिचित्रे’, उत्तरार्ध. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्यांच्याकडे गेल्या आणि १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. तो मधला काळ आम्ही संथपणे वाचला. नवऱ्याचा धर्म बदलला म्हणून बायकोचा आपोआप बदलत नाही. तिला तो स्वतःच्या पाण्याच्या भांड्यापासून, स्वयंपाकाच्या चुलीपासून एकेक पायरीने ओलांडावा लागतो. तत्त्वज्ञानाचा मोठा शब्द न वापरता ही बाई ते सांगते. मराठीत यापेक्षा चांगलं गद्य मी फार थोडं वाचलंय.

शेवटचा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या, पुढचं मुलगा देवदत्त यांनी लिहिलं. त्या जोडापाशी मुद्दाम थांबून दोन्ही बाजूंचे परिच्छेद वाचले. आवाज बदललेला कानाला लगेच कळतो.

एक सूचना पुढच्या वाचकांसाठी: ‘स्मृतिचित्रे’च्या संक्षिप्त आवृत्त्याही मिळतात. घेताना बघून घ्यावी, पूर्ण आहे ना. पार्ल्याच्या हाती संक्षिप्त आली होती, तिला निम्मी माणसं ओळखीची नव्हती.

लेखणी: शाळा नाही. लिहितं केलं आधी नवऱ्याने, मग मुलाने. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून आधी लेख, मग पुस्तक.

११ मे

बैठक नाही. अर्ध्या जणी गावी. आंबे खा आणि गोदूताई (गोदावरी परुळेकर) वाचा, एवढाच निरोप.

८ जून, मुलुंड

मागच्या आठवड्यात मध्य रेल्वेने ठाण्याच्या फलाटासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला आणि प्रतींची अदलाबदल पार कोलमडली. मुलुंडने दोन दिवसांत अख्खं पुस्तक संपवलं, कारण ते पुढे घाटकोपरला द्यायचं होतं.

‘जेव्हा माणूस जागा होतो’. याला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आज पहिल्यांदाच यादीवरून जोरदार वाद. गोरेगावचं म्हणणं, हे आत्मचरित्र नाहीच. यात गोदूताई स्वतःबद्दल जवळजवळ बोलतच नाहीत. सगळं वारल्यांबद्दल: वेठबिगार, लग्नगडी, जमीनदार, आणि २३ मे १९४५ ला झरी गावात भरलेली ती सभा, जिथे फुकट राबायचं नाही असं ठरलं. मग हे आपल्या धाग्यात बसतं कसं?

मी ते यादीत घातलं होतं, तेव्हा उत्तर देणं माझ्याकडे आलं. मी लग्नगड्याचा उतारा वाचला. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि त्यापायी नवरा-बायकोने त्याच्याकडे कायमचं राबायचं. हे समोर बसलेल्या माणसाकडून ऐकून, झोपडीत राहून, त्याच्याच भाकरीतला तुकडा खाऊन लिहिलंय. पुण्याच्या घरातली, कायदा शिकलेली बाई डहाणू-तलासरीच्या जंगलात पायी हिंडते आणि स्वतःबद्दल बोलायचं टाळते, हाही तिच्या आयुष्याचाच वृत्तांत आहे. गोरेगाव पूर्ण पटली नाही. असू दे. तिचा आक्षेप वहीत जसाच्या तसा राहील.

निघताना पार्ल्याने आठवण केली की डहाणूपर्यंत आपलीच लोकल जाते.

१३ जुलै, घाटकोपर

सोमवारी पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि सेंट्रल कोलमडली. आज मात्र ऊन. काकूंचं ऑपरेशन झालंय, डोळ्याला विश्रांती, त्या आल्या नाहीत.

‘सांगत्ये ऐका’वर बोलणं थोडक्यात आटपलं, कारण सगळ्या हादरल्या होत्या. लहानपणीच कॅमेऱ्यासमोर उभं केलेली मुलगी, घर तिच्या कमाईवर चालणारं, आणि तिच्या आयुष्याचे निर्णय दुसऱ्यांच्या हाती. हे पुस्तक हंसाबाईंनी सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्दांकन केलं, ‘माणूस’ साप्ताहिकातून आलं. म्हणून ‘लेखणी’च्या रकान्यात पहिल्यांदाच अडले. लेखणी दुसऱ्याच्या हातात होती, मग शब्द कुणाचे? नायगाव म्हणाली, ‘सांगितलं तिने, एवढं पुरे. माझ्या आजीचं कुणी लिहून घेतलं असतं तर मी तक्रार केली नसती.’ रकान्यात तिचंच वाक्य लिहिलं.

१० ऑगस्ट, नायगाव

‘जिणं आमुचं’.

बैठक आपल्याच घरी हवी असं नायगावने आधीच सांगितलं होतं. बीडीडी चाळीतली खोली, तिच्या सासूबाईंनी कांदाभजी केली होती, तेवढा एकच पदार्थ. सुरुवातीलाच ती म्हणाली, ‘आज कुणी माझ्याकडे बघून बोलायचं नाही. पुस्तकाकडे बघून बोला. हे माझ्या आजीच्या बाजूचं आहे हे सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा पुन्हा सांगू नका.’ बरं झालं सांगितलं. तसं नसतं तर आम्ही दर दोन वाक्यांनी तिची समजूत काढत बसलो असतो आणि बेबीताई राहिल्या असत्या बाजूला.

पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा महारवाडा. पहिल्या पानांपासून एकटी बाई दिसतच नाही, सगळी वस्ती एकदम बोलते. आषाढातली घरं सारवणं, न्हाणं, वर्षातून एकदा पोटभर मिळणारं गोडधोड, पोतराज. आणि त्यालाच लागून भूक. बाळंतिणीची भूक इतकी स्वच्छ लिहिलेली मी दुसरीकडे वाचली नाही. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा अडकवत, तो उतारा ठाण्याने वाचायला घेतला आणि पुढचा घाटकोपरला वाचावा लागला.

बेबीताई आपल्याच माणसांना झाकत नाहीत. वरच्या जातींनी काय केलं ते लिहितात आणि वस्तीतल्या सासवांनी सुनांचं काय केलं तेही त्याच हाताने लिहितात. पार्ल्याने विचारलं, हे लिहिल्यावर त्यांच्या लोकांना राग आला नसेल? नायगावचं उत्तर मला जसं आठवतं तसं: ‘येणारच. पण बाबासाहेबांमुळे बायका बोलायला लागल्या, आणि बोलायचं म्हटल्यावर अर्धं बोलून कसं चालेल?’ पुस्तकातही बाबासाहेबांची हाक आल्यावर वाक्यांचा वेग बदलतो. तो बदल आम्ही वाचून तपासला.

लेखणी: इथे मी थोडं लांबवणार आहे, कारण रकाना आखला तो अशाच नोंदीसाठी. बेबीताईंचं फलटणला छोटं दुकान होतं. माल बांधून यायचा ती रद्दी त्या वाचत. दुकानात बसल्या बसल्याच लिहीत, आणि लिहिलेलं घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लपवून ठेवत, एक-दोन नाही, कितीतरी वर्षं. मॅक्सीन बर्नसन या अभ्यासक बाईंनी ते वाचलं आणि धीर दिला. मग ‘स्त्री’ मासिकातून आलं आणि नंतर पुस्तक झालं. रमाबाईंना रात्री नवरा शिकवायचा, इथे नवऱ्यापासून वही लपवायची. साठ-सत्तर वर्षांचं अंतर आहे दोघींत आणि काळ पुढे सरकला म्हणजे वाट सोपी झाली असं अजिबात दिसत नाही. कुणाची वाट, ते बघावं लागतं.

निघायला खूप उशीर झाला. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, ‘माझ्यासाठी पण वाचा कधीतरी.’ पुढच्या महिन्यापासून व्हॉइस मेसेज त्यांनाही जाणार.

२४ ऑगस्ट

दादरच्या पुलावर नायगाव भेटली. मार्चमध्ये ती का हसली नव्हती ते तिने आपणहून सांगितलं. सोवळ्याचं वेड आतून बघितलं की गंमत वाटते. तिला त्याच वेळी घराबाहेर उभ्या असलेल्या बाईची आठवण येत होती. मग तिनेच सुचवलं, पुढची बैठक नव्या पुस्तकावर नको. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘जिणं आमुचं’ शेजारी ठेवून वाचू.

१४ सप्टेंबर

गणपती. लालबागला माझ्या घरी कुणी येऊ शकत नाही आणि मीही बाहेर पडू शकत नाही. बैठक चौथ्या शनिवारी.

२८ सप्टेंबर, लालबाग

वर्षातली सगळ्यांत चांगली बैठक. काकू नव्या डोळ्याने पहिल्यांदा स्वतः वाचत होत्या.

दोन उतारे निवडले होते. एक, लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं, बाजारातला जिन्नस धुऊन घरात घेणं. दुसरा, ‘जिणं आमुचं’मधल्या सरपण विकणाऱ्या बायका. रानातून काट्याकुट्यांत हिंडून मोळी आणायची, ब्राह्मणाच्या दारी न्यायची, आणि रचण्याआधी काटकी न् काटकी बघायची, आपल्या डोक्यावरचा केस तिला चिकटून राहिला नाही ना. राहिला तर विटाळ.

काकूंनी पहिला वाचला, नायगावने दुसरा. लगेच कुणी बोललं नाही. मग पार्ल्याने दोन्ही पुस्तकं पुढ्यात ठेवून एकेक वाक्य ताडून पाहायला सुरुवात केली आणि आम्ही सगळ्या त्यात शिरलो. धुणारे हात कुणाचे? घरातल्या बायकांचे. केस शोधणारी बोटं कुणाची? बाहेरच्या बाईची. नियम घालणारा पुरुष, आणि तो पाळायचं काम दारातल्या आणि दाराबाहेरच्या, दोन्हीकडच्या बायकांकडे. पण इथे घाटकोपरने अडवलं: ‘दोघींचं दुःख सारखंच असं म्हणू नका हं. एकीचे हात पाण्याने भिजायचे. दुसरीला दिवसभराच्या मोळीचे पैसे मिळतील की नाही, तेच ठरायचं.’ बरोबर आहे तिचं. आणि धुणारीच्याच घरात ती मोळी जळणार होती, म्हणजे धुणारीही त्या नियमात सामील. लक्ष्मीबाईंचा मोठेपणा हा की त्यांनी पुढे तो नियम स्वतःच्या घरात मोडला, आणि कसा मोडला ते लपवलं नाही. ते वाचताना एप्रिलमध्ये आम्हाला नुसतं कौतुक वाटलं होतं. आज कळलं की त्या नेमकं काय मोडत होत्या.

मार्चमध्ये आम्ही आज्यांच्या, सासवांच्या सोवळ्याच्या गोष्टी हसत सांगितल्या होत्या. आज मुलुंडने तिच्या आजीची तीच गोष्ट पुन्हा सांगितली, पण या वेळी मागच्या दाराने कोण यायचं, त्या बाईला पाणी कसं वरून ओतायचे, हेही सांगितलं. काकू म्हणाल्या, आता ही पुस्तकाशी धरून झाली.

खाण्याचं मी विसरूनच गेले होते असं कुणी म्हणू नये म्हणून नोंद: कोथिंबीर वडी.

४ ऑक्टोबर

काल केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ग्रुपवर अभिनंदनाचे निरोप. नायगावने लिहिलं, ‘आता आपल्या यादीतली पुस्तकं सगळ्या दुकानांत सहज मिळू देत.’ माझीही तीच इच्छा. १२ तारखेला दसरा, बैठक पुढे.

९ नोव्हेंबर, गोरेगाव

‘आयदान’. फराळ अजून शिल्लक, म्हणून नियम मोडून तीन पदार्थ.

रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जातात, तिथून पुस्तक सुरू होतं. गोरेगावचं माहेर त्याच बाजूचं. तिने तो चढ, ती घसरण, वाटेत बायकांनी मारलेल्या चेष्टामस्करीच्या गप्पा अशा काही वाचल्या की जूनमधला तिचा रुसवा कुठच्या कुठे गेला. आणि मग तिनेच मान्य केलं की इथेही आधी सगळ्या जणी येतात, लेखिका मागाहून.

आई बांबूच्या कामट्यांची आयदानं विणत बसायची, त्यावर घर चालायचं. ऊर्मिलाताई स्वतःच्या लिहिण्याचा धागा त्या विणण्याशी जोडतात. त्यांना लिहायला, एम.ए. करायला मुंबईत घरातून झालेला विरोध, आणि तो सांगताना नवऱ्याबद्दल न आटलेली माया, दोन्ही आहे. मुलुंडला हा भाग सगळ्यांत जवळचा वाटला. ‘घर सांभाळून काय ते कर’ हे वाक्य आमच्यापैकी बहुतेकींनी ऐकलंय, पण आज कुणीही पुस्तक मिटून स्वतःची कहाणी सुरू केली नाही. उतारा वाचायचा, एक वाक्य आपलं, पुन्हा उतारा. वर्षभरात हात चांगला बसलाय.

लेखणी: आईच्या शेजारी बसून. शाळा, कॉलेज, नोकरी. अडवलं घराने. थांबल्या नाहीत.

१४ डिसेंबर, दादर

हिशेब झाला. भिशीतून घेतलेल्या प्रती आमच्या कपाटांत ठेवायच्या नाहीत. ठाण्याच्या लेडीज डब्यातल्या बायकांनी, त्या मार्चमधल्या शेजारणीने जमवलेल्या, जानेवारीपासून हीच यादी वाचायची ठरवलीय. पूर्ण संच त्यांना. सोबत माझ्याकडून ‘लेखणी’च्या पानांची झेरॉक्स आणि आवृत्त्यांची टिपणं: कुठली पूर्ण, कुठली संक्षिप्त, कुणाचा टाइप मोठा. ‘स्मृतिचित्रे’चे व्हॉइस मेसेज गोरेगाव एका पेन ड्राइव्हवर क्रमाने लावून देणार.

पुढच्या वर्षाचं पहिलं पुस्तक नायगावने सुचवलं आणि वाद न होता ठरलं: ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, १९८९ चं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांचं बोलणं लिहून घेऊन केलेलं. ज्यांनी स्वतः लिहिलं नाही, पण विचारल्यावर सांगितलं, अशा बायका त्यात आहेत. जुलैमध्ये हंसाबाईंपाशी अडलेला प्रश्न तिथे सोडवता येईल असं मला वाटतं. रकाना तोच ठेवतेय, फक्त त्यात एक ओळ वाढवली: विचारायला कोण गेलं.

प्रती: पार्ले दोन, घाटकोपर एक, मी ग्रंथसंग्रहालयात नंबर लावलाय. पहिली बैठक ११ जानेवारी, काकूंकडे. नायगावच्या सासूबाईही येणार आहेत.